जुन्या संगणक-खेळांच्या डीआरएम-मुक्त दुकानाला लोक इतके का मानतात?

जांबोटीकर (प्रश्न)

नमस्कार. मी खानापूरला राहतो आणि नोकरीसाठी रोज बेळगावला ये-जा करतो. आमचे मूळ गाव जांबोटीच्या बाजूला आहे. घरात दोन मुले, थोरला नववीत आणि धाकटी सहावीत. गेल्या दिवाळीत माळा झाडताना माझ्या कॉलेजच्या दिवसांतील सीडींची पिशवी हाती लागली. तिच्यात २००१ च्या सुमारास बेळगावात रीतसर पैसे मोजून घेतलेला व्यूहरचनेचा एक खेळ होता. खोके, छापील पुस्तिका, पाकिटाच्या मागे चिकटवलेला क्रमांक असे सगळे शाबूत होते आणि सीडीवर एक ओरखडाही नव्हता. मित्राकडून बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, खेळ लॅपटॉपवर इन्स्टॉल केला आणि सुरू करताच ‘मूळ सीडी घाला’ असा संदेश आला. मूळ सीडी तर ड्राइव्हमध्ये फिरत होती, तिची घरघर आम्हा तिघांनाही ऐकू येत होती.

दुसरा अनुभव यंदाचा आहे. मुलाच्या वाढदिवसाला एका ऑनलाइन दुकानातून खेळ घेतला आणि मिरगानंतर गावी जाताना लॅपटॉप बरोबर नेला. तिकडे पाऊस लागला की मोबाइलची रेंज दोन-दोन दिवस येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या खेळाने पहिल्याच क्षणी खात्यात प्रवेश करण्यास सांगितले आणि नेट नसल्याने तो उघडलाच नाही. मुलगा काही बोलला नाही, पण पैसे देऊन आणलेली वस्तू घरात असूनही वापरता येऊ नये, ही गोष्ट मला फार लागली.

याविषयी शोधताना जीओजी या दुकानाचे नाव वारंवार दिसले. तेथे जुने खेळ ‘डीआरएम’शिवाय मिळतात, असे लिहिलेले असते आणि तेथून खरेदी करणारे लोक त्याविषयी फार जिव्हाळ्याने बोलतात. माझे तीन प्रश्न आहेत. हे डीआरएम म्हणजे नेमके काय आणि माझी सीडी त्यामुळेच अडली का? हेच जुने खेळ अनेक संकेतस्थळांवर फुकट उतरवून घेता येत असताना लोक पैसे का देतात? आणि तेथून घेतलेला खेळ खरोखर आपला होतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

टिळकवाडी_दुरुस्ती

जांबोटीकर साहेब, आपली सीडी खराब नाही आणि आपले काही चुकलेलेही नाही. मी टिळकवाडीत बावीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आणि वर्षाला पाच-सहा जण तरी अशीच पिशवी घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मीच देतो.

डीआरएम म्हणजे डिजिटल राइट्स मॅनेजमेंट. विकलेल्या वस्तूची नक्कल होऊ नये म्हणून विकणाऱ्याने तिच्यावर बसवलेले कुलूप, असे आपण म्हणू. त्या काळातील पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाचे कुलूप असे. सीडी कारखान्यात तयार होतानाच तिच्या ठरावीक भागात मुद्दाम सदोष सेक्टर, म्हणजे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे, ठेवले जात. साध्या रायटरवर नक्कल काढताना ते जसेच्या तसे उतरत नसत. खेळ सुरू होताना हे सेक्टर आहेत की नाहीत याची तपासणी होई आणि त्या तपासणीसाठी ‘सेकड्रव्ह’ नावाचा एक ड्रायव्हर, म्हणजे यंत्रणेचाच भाग होऊन चालणारा छोटा प्रोग्राम, थेट विंडोजच्या गाभ्यात बसवला जाई. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमध्ये अशी एक त्रुटी उघड झाली, की तिचा फायदा घेऊन एखादा सामान्य प्रोग्राम संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. पुढे २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये सेफडिस्कला जागाच ठेवली गेली नाही आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील सुरक्षा अपडेटने विंडोज ७ व ८ वरही तो ड्रायव्हर बंद करण्यात आला. सुरक्षेच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता, असे मी म्हणेन. परिणाम मात्र असा झाला, की कुलूप उघडणारा यंत्रणेतून निघून गेला आणि कुलूप खेळावर तसेच राहिले. आपल्या सीडीवरचे नकाशे, चित्रे, आवाज हे सगळे आजही धडधाकट आहे. अडले आहे ते केवळ दाराशी. मी आपली सीडी पाहिलेली नाही, पण वर्ष आणि संदेश पाहता हेच कारण असण्याची शक्यता फार मोठी आहे.

जुन्या खेळांच्या अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. नव्वदच्या दशकातील अनेक खेळ स्वतः ३२-बिटचे असले, तरी ते बसवणारे इन्स्टॉलर त्याहून जुन्या, १६-बिट पद्धतीचे असत आणि आजचे ६४-बिट विंडोज १६-बिटचा प्रोग्राम चालवतच नाही. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीवरील खेळांपैकी काहींची गती प्रोसेसरच्या गतीशी बांधलेली असे. तसा खेळ आजच्या संगणकावर जसाच्या तसा चालला, तर पात्रे इतक्या वेगाने धावतात की डोळ्यांनी पाठलाग करणेही जमत नाही. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम जुन्या संगणकाचे सोंग घेतो, आणि माउस फिरवून वस्तू उचलण्याच्या, संवाद साधण्याच्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम नावाचा प्रोग्राम आहे. हे दोन्ही हौशी लोकांनी वर्षानुवर्षे खपून केलेले आणि सर्वांना मोकळे असलेले काम आहे.

जीओजी काय करते, तर हक्कदाराकडून रीतसर परवानगी घेते, खेळावरचे कुलूप काढते, डॉसबॉक्स किंवा स्कमव्हीएम त्या खेळाला लागतील त्या बारीकसारीक नोंदींसह आतच बसवून देते आणि या सगळ्याची एक इन्स्टॉलर फाइल करून आपल्या हाती ठेवते. खेळ मोठा असेल, तर सोबत ‘बिन’ नावाच्या फायली असतात. त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात, नाहीतर इन्स्टॉलर मध्येच थांबतो. त्यांचे गॅलेक्सी नावाचे ॲप आहे, पण ते घेतलेच पाहिजे असे नाही. गिऱ्हाइकाच्या संगणकावर असा खेळ बसवताना मी आधी नेटची केबल काढून टेबलावर ठेवतो आणि मगच इन्स्टॉलर चालवतो. बसवणे, उघडणे, सेव्ह करणे, बंद करून पुन्हा उघडणे हे सगळे केबल टेबलावर असतानाच झाले पाहिजे. ज्या कामात पूर्वी माझी एक दुपार जात असे, ते आता चहा येईपर्यंत होते.

पैसे देण्याआधी खात्री करायची असेल, तर १९९४ चा ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा खेळ तेथे फुकट मिळतो. त्याच्या निर्मात्यांनीच तो २००३ मध्ये सर्वांना मोकळा केला आहे. रॉबर्ट फॉस्टर नावाचा तरुण आणि जोई नावाचा त्याचा यंत्रमानव यांची ती कथा आहे. जोईचे सर्किट बोर्ड एका यंत्रातून काढून दुसऱ्यात बसवत पुढे जायचे असते. आपल्या मुलांना ते नक्की आवडेल.

निपाणी_वाचक

टिळकवाडीच्या भाऊंनी यंत्राची बाजू इतकी नीट सांगितली आहे, की तिच्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी शिक्षक आहे. लोक या दुकानाविषयी जिव्हाळ्याने का बोलतात, या प्रश्नाकडे मी थोडा मागे जाऊन पाहतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी बेळगावात एका कॉम्प्युटर क्लासला जात असे. तेथे शनिवारी तासानंतर अर्धा तास ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळण्याची मुभा होती. १९८९ चा खेळ, जॉर्डन मेकनर यांनी एकट्याच्या बळावर घडवलेला. पहिली पातळी पार केली, की राजपुत्र औषधांच्या कुप्यांनी भरलेल्या खोलीत येई. प्रत्येक कुपीवर एक इंग्रजी अक्षर असे आणि पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या, तमुक ओळीतल्या, इतक्याव्या शब्दाचे पहिले अक्षर असलेली कुपी प्या, अशी सूचना खाली येई. ज्याने खेळ विकत घेतला आहे त्याच्याकडे पुस्तिका असणारच, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे कोणाकडेच पुस्तिका नव्हती, कारण क्लासमधील फ्लॉपी कोणी विकत घेतलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग एका सिनिअर मुलाने चुकत-माकत, प्रत्येक वेळी राजपुत्राचा जीव घालवत, कोणत्या पानाला, ओळीला आणि शब्दाला कोणते अक्षर येते याचा तक्ता वहीच्या शेवटच्या पानावर तयार केला. ती वही क्लासच्या खिडकीत सुतळीने बांधून ठेवलेली असे. निळ्या शाईतले ते पान हाताळून हाताळून मऊ कापडासारखे झाले होते.

ती वही मला आजही आठवते, कारण कुलपाची सगळी गोष्टच तिच्यात आहे. ज्यांनी फुकट घेतले होते, त्यांनी वाट शोधून काढली. उद्या एखाद्या पैसे देणाऱ्याची पुस्तिका हरवली असती, तर तो मात्र त्या खोलीतच अडकला असता. पुढे कुलपे बदलत गेली, पण अडकणारा माणूस बदलला नाही. २००८ मध्ये आलेल्या ‘स्पोर’ या खेळाला सुरुवातीला तीनच वेळा सक्रिय करण्याची मर्यादा घातलेली होती. त्याविरुद्ध लोकांनी ॲमेझॉनवर एका ताऱ्याच्या अभिप्रायांचा अक्षरशः ढीग लावला. दुसरीकडे, ज्यांना चोरून घ्यायचा होता त्यांच्या हाती पडलेल्या प्रतीला कोणतीच मर्यादा नव्हती. आज तोच खेळ जीओजीवर कुलपाशिवाय विकला जातो.

हे दुकान २००८ मध्येच, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीने सुरू केले. त्या लोकांचा आधीचा अनुभव मला महत्त्वाचा वाटतो. १९९४ मध्ये वॉर्सामध्ये मार्चिन इविन्स्की आणि मिहाउ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी ती कंपनी काढली, तेव्हा तेथील बाजार चोरट्या प्रतींनी भरलेला होता. आपल्याकडे त्याच काळात हातगाड्यांवर पन्नास रुपयांत ‘शंभर खेळांची सीडी’ मिळत असे, तशीच परिस्थिती. १९९९ मध्ये ‘बाल्डर्स गेट’ हा मोठा खेळ पोलिश भाषेत आणताना त्यांनी चोरांशी कुलपाने लढण्याऐवजी चोरट्या प्रतीत जे कधीच मिळणार नाही ते गिऱ्हाइकाला देण्याचे ठरवले. पोलिश भाषांतर, नामवंत नटांचे आवाज, छापील पुस्तिका, नकाशा असे भरगच्च खोके त्यांनी काढले आणि ते भरभरून खपले. ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने त्यांनी पुढे जे दुकान थाटले, त्यामागचा विचार हाच होता. आजही तेथे जुना खेळ घेतला, तर बहुतेक वेळा पुस्तिकेची पीडीएफ, नकाशे, कधी पार्श्वसंगीत सोबत येते. गिऱ्हाईक चोर आहे असे धरून न चालणारा दुकानदार आपल्याला गावात भेटला, तर आपण दुसऱ्या दुकानात जातो का? आमच्या निपाणीत अजूनही असे किराणा दुकानदार आहेत, जे ओळखीच्या माणसासमोर वजनकाटा फिरवून दाखवत नाहीत आणि गिऱ्हाईकही मोजून घेत नाही. जीओजीच्या गिऱ्हाइकांचा जिव्हाळा मला या जातीचा वाटतो.

आता फुकट संकेतस्थळांविषयी. सोडून दिलेले खेळ, असा शब्द तेथे वापरतात, पण ‘सिस्टम शॉक २’ या १९९९ च्या खेळाची हकीकत पाहिली की सोडून दिलेला हा शब्द किती फसवा आहे ते कळते. तो खेळ घडवणाऱ्या संस्थांपैकी लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडली आणि खेळाचे हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीकडे गेले, तर नावाचा ट्रेडमार्क मात्र इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या दुसऱ्या कंपनीकडे राहिला. जगभर लोक तो मागत होते आणि कायदेशीर मार्गाने तो कोठेही मिळत नव्हता. स्टीफन किक नावाच्या एका तरुणाला मध्य अमेरिकेच्या प्रवासात तो आपल्या लहानशा लॅपटॉपवर खेळावासा वाटला, चालला नाही, म्हणून त्याने हक्क कोणाकडे आहेत याचा माग काढला, त्या विमा कंपनीला पत्र लिहिले आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो खेळ जीओजीवर आला. त्याच खटाटोपातून नाइटडाइव्ह ही जुने खेळ जागवणारी संस्था उभी राहिली. दुकानात आपण जे पैसे देतो, ते या कामाचे असतात. कोणीतरी जुने करारनामे धुंडाळतो, तीन कंपन्यांची संमती मिळवतो, मग खेळ आजच्या संगणकावर तपासतो.

अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मांडलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कोणत्याही रीतसर मार्गाने मिळत नाहीत. पुस्तकांच्या बाबतीत असे झाले असते, तर आपण किती हळहळलो असतो! छापून पन्नास वर्षे झालेले पुस्तकही आपल्याला वाचनालयाच्या कपाटात कोठेतरी सापडते आणि उघडले की वाचता येते. खेळाचे तसे नाही. तो नुसता ठेवून टिकत नाही, विंडोज बदलले की त्याला पुन्हा हात लावावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जीओजीने शंभर खेळांपासून जतनाचा एक कार्यक्रम सुरू केला आणि त्या यादीतील खेळ पुढच्या संगणकांवरही चालते ठेवण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. मला त्यांच्या इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा हे वचन मोलाचे वाटते.

चिकोडी_९८

सरांचे लेखन आवडले, परंतु काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते, नाहीतर प्रश्नकर्त्यांच्या अपेक्षा अवाजवी वाढतील.

पहिली गोष्ट, स्टीम या खेळांच्या दुसऱ्या मोठ्या ऑनलाइन दुकानातलेही सगळेच खेळ कुलूपबंद नसतात. तेथे कुलूप लावायचे की नाही हे खेळ काढणाऱ्यावर असते आणि कित्येक लहान खेळ फोल्डर उचलून दुसरीकडे नेले तरी चालतात. मित्रांबरोबर खेळणे, लोकांनी तयार केलेली जोडकामे एका क्लिकमध्ये बसवणे, आपोआप होणारे अपडेट या बाबतीत स्टीम पुष्कळ पुढे आहे. मी दोन्हीकडे खरेदी करतो. दुसरी गोष्ट, अनेक मोठे नवे खेळ जीओजीवर वर्षानुवर्षे येत नाहीत, कारण त्यांच्या कंपन्या कुलूप सोडण्यास तयार नसतात. तिसरी गोष्ट म्हणजे जीओजीचेही पाऊल घसरलेले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी २०१६ चा ‘हिटमॅन’ विक्रीला ठेवला, ज्यात खेळातील प्रगती आणि पुष्कळसा भाग सर्व्हरशी जोडलेले असल्याशिवाय मिळत नव्हता. तेथील गिऱ्हाइकांनी त्यावर कडक टीका केली आणि पुढच्याच महिन्यात तो खेळ दुकानातून काढावा लागला.

आणि शेवटचे. जीओजीच्या अटी वाचल्या, तर तेथेही आपल्याला मिळतो तो परवानाच. मालकी नाही. तेव्हा ‘खेळ आपला होतो’ असे सरसकट म्हणणे मला पटत नाही.

उचगावकर_ताई

मी वकिलीचे काम करते, म्हणून चिकोडीच्या दादांच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहिते.

अटींबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. कागदावर दोन्हीकडे परवानाच असतो. मात्र परवाना परत घेण्याची सोय विकणाऱ्याच्या हातात आहे की नाही, हा प्रश्न व्यवहारात कागदापेक्षा मोठा ठरतो. ‘द क्रू’ हा यूबिसॉफ्ट या कंपनीचा मोटारशर्यतींचा खेळ २०१४ मध्ये आला. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद करण्यात आले आणि एकट्याने खेळायची त्यातील कथासुद्धा त्या दिवसापासून कोणालाही उघडता येईना, कारण खेळ सतत सर्व्हरशी जोडलेला असावा अशीच त्याची रचना होती. पैसे देऊन घेतलेल्या लोकांच्या घरी खोके राहिले, डिस्क राहिली, खेळ राहिला नाही. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघापुढील तिच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

कॅलिफोर्नियाने या विषयावर केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ‘विकत घ्या’ असे शब्द वापरताना दुकानाने ती गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे, असे तो म्हणतो. जी वस्तू खरेदीच्या वेळीच कायमची उतरवून आपल्याकडे ठेवता येते आणि विकणारा जी नंतर हिरावून घेऊ शकत नाही, तिला या बंधनातून सूट आहे. कायदा करणाऱ्यांनाही हा फरक दिसला, एवढेच मला सांगायचे आहे. आपल्या पेनड्राइव्हवर असलेला इन्स्टॉलर परत नेण्यासाठी कोणीही घरात येऊ शकत नाही.

आता आपल्याकडील कायदा. संगणक प्रोग्राम हा आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीत मोडतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हक्क राहतात. म्हणजे १९८९ चा काय किंवा १९९९ चा काय, कोणताही जुना खेळ कंपनी बुडाली म्हणून सर्वांचा होत नाही. ज्यांना फुकटची संकेतस्थळे निरुपद्रवी वाटतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक चांगली तरतूद आहे. प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवू अथवा खराब होऊ नये म्हणून सुरक्षिततेपुरती प्रत काढता येते. मात्र प्रत काढण्याचा हा हक्क कुलूपबंद सीडीच्या बाबतीत हाती असून नसल्यासारखा असतो, कारण प्रत निघाली तरी चालत नाही. शिवाय २०१२ मध्ये जोडलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या उद्देशाने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. डीआरएम-मुक्त खेळ घेतला, की कुलूप तोडण्याचा विषयच उरत नाही आणि सुरक्षिततेची प्रत काढण्याचा आपला हक्क खऱ्या अर्थाने वापरता येतो. माझ्या दृष्टीने या दुकानाचे सर्वांत मोठे महत्त्व हेच आहे.

एक विनंती मात्र मनापासून करते. कुलूप नाही याचा अर्थ वाटून टाकण्याची मोकळीक आहे असा होत नाही. घरातल्या दोन संगणकांवर बसवा, पण आळीभर पेनड्राइव्ह फिरवू नका. दुकानदाराने ठेवलेला विश्वास आपण मोडला, तर उद्या हक्कदार आपले खेळ तेथे देणार नाहीत, आणि मग नुकसान कोणाचे होईल ते आपणच पाहावे.

‘हिटमॅन’च्या प्रकरणाकडेही मी जरा वेगळ्या नजरेने पाहते. गिऱ्हाइकांनी बोलून दाखवले आणि महिन्याभरात खेळ काढला गेला, म्हणजे दुकान स्वतःच्या शब्दाला बांधलेले आहे असे लोक मानतात आणि तो शब्द पाळून घेतात.

टिळकवाडी_दुरुस्ती

जांबोटीकर साहेब, एक व्यावहारिक सूचना राहिली होती. दुकानाच्या भरवशावर राहू नका. खेळ घेतला त्याच दिवशी इन्स्टॉलर उतरवा आणि दोन वेगळ्या जागी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक पेनड्राइव्हवर. खेळ समाधानकारक चालला नाही, तर तीस दिवसांच्या आत पैसे परत मागता येतात, अगदी खेळून पाहिल्यावरसुद्धा. २०२० पासून त्यांचा हा नियम आहे. त्याचा गैरवापर होऊ देऊ नका, पण अडचण आली तर संकोचही करू नका.

जांबोटीकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर देण्यास तीन आठवडे लागले, कारण प्रत्यक्ष करून पाहिल्यावरच लिहायचे असे ठरवले होते.

आधी भाऊंनी सांगितलेला फुकटचा खेळ घेतला. धाकटीला जोई इतका आवडला, की तिने घरातल्या बंद पडलेल्या मिक्सरला ते नाव दिले आहे. त्यानंतर दुकानाच्या यादीत माझा २००१ चा खेळ शोधला. तो होता. कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते, ते बँकेच्या ॲपमधून चालू करून घेतले आणि पैसे भरले. एकदा विकत घेतलेल्या खेळाचे दुसऱ्यांदा पैसे देताना क्षणभर मन अडखळले, हे खरे. परंतु निपाणीच्या सरांनी लिहिलेले करारनाम्यांचे आणि तपासणीचे काम डोळ्यांसमोर होते, त्यामुळे ते पैसे मला जड गेले नाहीत. खानापूरच्या घरी इन्स्टॉलर उतरवला, सूचनेप्रमाणे दोन ठिकाणी ठेवला आणि पेनड्राइव्ह खिशात घालून शनिवारी गावी गेलो.

पाऊस होता. संध्याकाळी साडेसहाला वीज गेली, रेंज त्याआधीच गेलेली. सोप्यात चटईवर लॅपटॉप ठेवून मुलाने पेनड्राइव्ह लावला आणि इन्स्टॉलर सुरू केला. पट्टी भरत असताना तो पडद्याकडे एकटक पाहत होता, कारण कोठेतरी पासवर्ड विचारला जाईल अशी त्याची खात्री होती. खेळाचे सुरुवातीचे संगीत वाजले तेव्हा त्याने माझ्याकडे वळून पाहिले आणि म्हणाला, “बाबा, ह्याने काहीच विचारले नाही.”

आईने कंदील आणून शेजारी ठेवला. जुन्या खोक्यातली छापील पुस्तिका मी मुद्दाम बरोबर नेली होती, ती धाकटीने कंदिलाजवळ धरली आणि पाने उलटू लागली. तिसऱ्या मोहिमेच्या नकाशावर तिला माझ्या पेन्सिलच्या खुणा सापडल्या. पुलाच्या डावीकडून जावे, पहारेकरी वळेपर्यंत थांबावे, असे मी तेव्हा बारीक अक्षरात लिहून ठेवले होते. तिने ते भावाला मोठ्याने वाचून दाखवले. तो डावीकडून गेला, थांबला, आणि लॅपटॉपची बॅटरी संपण्याआधी दोघांनी ती मोहीम पार केली.